बॅटरी तोडली, तरी इंजिन चालूच!

क्लब रेसिंग म्हणजे हौशी मंडळींच्या शर्यती. आठवडाभर नोकरी-धंदा आणि शनिवार-रविवारी हेल्मेट. ब्रिटनमधला ७५० मोटर क्लब १९३९ पासून आणि अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, १९४४ पासून हाच उद्योग करतो आहे. या गाड्यांत एक छोटी लाल चावी असते : बॅटरी कटऑफ. काम एका ओळीचं. चावी फिरवा, गाडीतली वीज बंद, इंजिनही बंद. दोन नट आणि एक जाड केबल, अर्ध्या तासाचं काम, असं वाटून माणूस पाना हातात घेतो आणि मग गंमत सुरू होते. त्या गमतीचे हे काही नमुने.

निळा त्रिकोण, लाल ठिणगी

कटऑफ कुठे आहे हे सांगणारी खूण जगभर एकच आहे. पांढऱ्या काठाचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल ठिणगी. मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमानुसार त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटीमीटर हवा. शेजारी बहुधा दुसरी खूण असते : लाल काठाच्या पांढऱ्या वर्तुळात लाल रंगाचं रोमन ‘ई’. ते अग्निशामकाचं. टोइंगचा हूक पिवळा, लाल किंवा केशरी रंगवायचा. अपघातानंतर धावत आलेल्या मार्शलनं ती गाडी आधी कधी पाहिलेली नसते, ड्रायव्हरची भाषाही त्याला येत असेलच असं नाही. म्हणून सगळा कारभार चित्रांवर. कटऑफचं खरं गिऱ्हाईक ड्रायव्हर नव्हे, हा परका माणूस आहे. वायरिंगमधले पुढचे सगळे हट्ट त्याच्यासाठीच.

आतून एक, बाहेरून एक

चावी दोन्हीकडून हाताशी हवी. आत, पट्टे आवळून सीटला जखडलेल्या ड्रायव्हरला पोहोचेल अशी. सहा ठिकाणी बांधलेल्या माणसाचा हात किती कमी लांब जातो, हे पट्टे घातल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जागा ठरवताना सीटवर बसून, पट्टे ओढूनच ठरवायची. बाहेरची जागा बंद टपाच्या गाडीत पुढच्या काचेच्या पायथ्याशी. तिथे चावी बसत नसेल तर सायकलच्या ब्रेकसारखी केबल टाकून टोकाला लाल मूठ लावतात. ओढली की आतली चावी फिरते.

फॉर्म्युला वनमध्ये आकडी

फॉर्म्युला वनच्या नियमात एक मजेदार कलम आहे. बाहेरच्या स्विचची मूठ आडवी हवी आणि ती लांबून आकडीनं ओढता आली पाहिजे. जागाही ठरलेली : ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या मुख्य रोलओव्हर कमानीच्या पायथ्याशी, उजव्या बाजूला. कारण उघड आहे. गाडी पेटलेली असेल तर जवळ जाऊन बोटांनी नाजूक चावी फिरवत बसायला कोण तयार होईल?

बॅटरी गेली, इंजिनाला पत्ताच नाही

आता मुख्य चमत्कार. इंजिन चालू ठेवा, बॅटरीची केबल तोडा. नव्या माणसाला वाटतं, गाडी बंद पडणार. इंजिन मात्र मजेत गुरगुरत राहतं. कारण सेल्फ मारून झाला की बॅटरीचं मोठं काम संपलेलं असतं. पुढची वीज अल्टरनेटर पुरवतो आणि तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. इंजिन अल्टरनेटरला फिरवतं, अल्टरनेटर इग्निशन आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देतो, त्यावर इंजिन चालतं. या साखळीत बॅटरी नाहीच. अपघातानंतर फुटलेल्या पाइपातून पंप पेट्रोल उडवत राहिला तर बॅटरी तोडून काय मिळवलं? म्हणून नियम नुसतं बॅटरी तोडा म्हणत नाही. सगळी सर्किट तोडा आणि इंजिनही थांबलं पाहिजे, असं म्हणतो.

निगेटिव्ह की पॉझिटिव्ह?

गॅरेजमध्ये चहा संपेल पण हा वाद संपणार नाही. एससीसीएचा नियम स्विच दोन्हीपैकी कुठल्याही केबलमध्ये चालेल म्हणतो. निगेटिव्हच्या बाजूचा फायदा असा की काम करताना पाना चुकून चॅसीला टेकला तरी त्या जागी ठिणगी उडत नाही. तोटा असा की अल्टरनेटर इंजिनाच्या लोखंडातून आपलं अर्थिंग स्वतःच मिळवतो, त्यामुळे निगेटिव्ह तोडलं तरी त्याचा संसार सुरळीत चालतो. पॉझिटिव्ह केबल नुसती तोडली तरी निकाल तोच. थोडक्यात, कुठली बाजू तोडली यापेक्षा अल्टरनेटरचा बंदोबस्त काय केला, हा प्रश्न मोठा आहे.

१२ व्होल्टच्या गाडीत १०० व्होल्ट

अल्टरनेटर जोरात चार्जिंग करत असताना बॅटरी अचानक काढली तर काय होतं? रस्सीखेचीत समोरच्यांनी एकदम दोर सोडला की आपली बाजू धडपडते, तसंच. अल्टरनेटरच्या आतल्या गुंडाळीतलं चुंबकत्व क्षणात विझत नाही. विजेला जायला जागा नाही, मग व्होल्टेज उसळी मारतं. वाहनांच्या विद्युत चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक १२ व्होल्टच्या गाडीसाठी ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टची धरतं आणि ती ४० ते ४०० मिलिसेकंद टिकते असं मानतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा खेळ. पण तेवढ्यात अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, दोघांचंही दिवाळं निघू शकतं.

सहा टोकांची चावी

या दोन्ही दुखण्यांवरचं औषध म्हणजे सहा टोकांचा स्विच. दोन जाड टोकं बॅटरीच्या केबलसाठी. उरलेल्या चार बारीक टोकांच्या दोन जोड्या. पहिली जोडी चावी चालू असताना जोडलेली आणि बंद केल्यावर तुटणारी. तिच्यातून इग्निशनची वायर नेतात, म्हणजे चावी फिरताच ठिणगी बंद आणि इंजिन थंड. दुसरी जोडी बरोबर उलटी : चावी बंद केली की ती जोडली जाते आणि अल्टरनेटरची उरलीसुरली वीज एका रेझिस्टरमधून चॅसीत सोडते. एकाच चावीच्या एकाच झटक्यात दोन गोष्टी तुटतात आणि एक जुळते. जोड्यांची अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होत नाही किंवा रेझिस्टर दिवसभर तापत बसतो. म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरनं प्रत्येक जोडी तपासून घ्यायची.

११ वॉटचा बहाद्दर

तो रेझिस्टर बहुधा ३ ओहमचा, ११ वॉटचा. आता गणित मांडा. १४ व्होल्टला ३ ओहम म्हणजे जवळजवळ पावणेपाच अँपिअर, म्हणजे सुमारे ६५ वॉट उष्णता. ११ वॉटच्या क्षमतेच्या सहा पट! तरी तो जळत नाही. कारण पहिल्या जोडीनं इग्निशन तोडलेलं असतं, इंजिन काही क्षणांत थांबतं आणि अल्टरनेटरही. बिचाऱ्याला एवढाच वेळ झुंजायचं असतं. म्हणजे रेझिस्टर वाचतो तो इग्निशनच्या वायरच्या भरवशावर. ती वायर जोडायची राहिली, की तो भाजलाच.

शॉर्टकट आणि त्याची किंमत

काही जण सहा टोकांच्या भानगडीत पडत नाहीत. अल्टरनेटरची जाड वायर उचलून स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला लावतात. मग चावी बंद केली तरी अल्टरनेटर आणि बॅटरी एकमेकांना जोडलेलेच राहतात, त्यामुळे उसळी येत नाही. गाडीतल्या बाकी सगळ्या गोष्टींची वीज मात्र जाते आणि इंजिन थांबतं. डोकं चांगलं लावलंय. फक्त एक किंमत आहे : अपघातानंतर चावी फिरवूनही बॅटरीपासून अल्टरनेटरपर्यंतची केबल जिवंत राहते. बॅटरी डिकीत असेल तर ही जिवंत केबल अख्ख्या गाडीच्या लांबीची. मार्शलला वाटतं सगळं बंद झालं, आणि मोडलेल्या पत्र्याखाली वीज वाट बघत असते. त्यामुळे हा मार्ग धरण्याआधी आपल्या स्पर्धेचं नियमपुस्तक उघडलेलं बरं.

पंखाही वीज तयार करतो

चावी फिरवली, बॅटरी तुटली, अल्टरनेटरही तुटला, तरी इंजिन दोन-चार क्षण रेंगाळलं. भूतबाधा? नाही, रेडिएटरचा पंखा. विजेची मोटर बाहेरून फिरवली की तीच जनरेटर होते. गरगरणारा पंखा वीज बंद झाल्यावर आपल्या वेगातली ताकद उलटी वायरिंगमध्ये ढकलतो आणि तेवढ्यावर ईसीयू जागा राहू शकतो. उपाय साधा : पंख्याचा रिले अशा रीतीनं जोडायचा की वीज जाताच पंखा बाकी वायरिंगपासून वेगळा होईल.

एकाची वीज मात्र तोडायची नाही

सगळं बंद करणाऱ्या चावीला एक अपवाद आहे. विजेवर उडणारी अग्निशामक यंत्रणा. आग लागल्यावर पहिली गोष्ट चावी बंद करणं, आणि चावी बंद झाली म्हणून अग्निशामक मुका, असं झालं तर कपाळावर हात मारायची वेळ. म्हणून या यंत्रणेला स्वतःची वेगळी बॅटरी असते. गाडीची वीज असो-नसो, तिचं बटण दाबलं की फवारा उडतो.

डिकीतल्या बॅटरीची लांबलचक शेपटी

१९८९ साली आलेली माझदाची मियाटा ही अमेरिकी क्लब रेसिंगची लाडकी. तिच्यासाठी ‘स्पेक मियाटा’ नावाचा स्वतंत्र वर्गच आहे. या गाडीची बॅटरी कारखान्यातूनच डिकीत बसून येते. सेल्फ तर पुढे. म्हणजे जाड केबल गाडीच्या शेपटापासून नाकापर्यंत. सेल्फ मारताना दीड-दोनशे अँपिअर वाहतात. अशा वेळी एखाद्या जोडात फक्त एक मिलीओहम जास्तीचा असला तरी २०० अँपिअरला ४० वॉट त्या एका जोडात उष्णता होऊन जातात. नवी केबल टाकताना म्हणूनच बरेच जण वेल्डिंगची केबल घेतात : बारीक तारांची, लवचीक, कोपऱ्यात सहज वळणारी. टोकाचं थिंबल नीट दाबून बसवायचं. नुसतं शिशानं डाखलं तर शिसं तारांत झिरपून केबल कडक होते आणि शर्यतीच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच. नाही तर पत्र्याची धार केबलचं कव्हर कापते, आणि मग कटऑफच्या अलीकडेच, जिथे चावीचा अधिकार चालत नाही तिथे, शॉर्ट होतो. चांगल्या स्थितीतली बॅटरी शॉर्ट झाल्यावर हजारावर अँपिअर ओकू शकते. चावी बॅटरीच्या जितकी जवळ, तितकी ही धोक्याची लांबी कमी.

जोडलं की बंद!

प्रत्येक स्विच तोडून बंद करतो असं थोडंच आहे? मॅग्नेटोवर चालणारं इंजिन ठिणगी स्वतः तयार करतं, त्याला बॅटरी लागतच नाही. ते थांबवायचं तर मॅग्नेटोची वायर चॅसीला टेकवायची. म्हणजे इथे कटऑफ उलटा : वायर जोडली की इंजिन बंद, वायर तुटली तर इंजिन थांबवायची सोयच गेली. आणि जुनं डिझेल? त्याला ठिणगीही नको. बॅटरी, अल्टरनेटर, सगळं उपटून फेकलं तरी ते ढुगढुगत राहतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगायला नको. तो इंजिन बंद करायला ‘स्टॉप’ची मूठ ओढतो. एफआयएच्या नियमातही त्याची नोंद आहे : इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर नसलेल्या डिझेल गाडीत कटऑफसोबत इंजिनात जाणारा पुरवठा बंद करणारं साधनही जोडलेलं हवं.

ढकला म्हणजे बंद

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवरच्या धावेत, बॅटरी मूळ जागेवरून हलवली तर कटऑफ गाडीच्या अगदी मागच्या टोकाला लावावा लागतो. ढकलायचा-ओढायचा प्रकार असेल तर ढकलणं म्हणजे बंद, ओढणं म्हणजे चालू. उलटं चालत नाही. घाईत माणूस ओढत बसत नाही, धपकन मारतो. तिकडच्या ट्रॅक्टर खेचण्याच्या स्पर्धांत तर माणसाचीही गरज नाही. ट्रॅक्टरमागच्या स्विचची कडी वजनाच्या गाडीला बांधलेली असते. मधली साखळी तुटून ट्रॅक्टर सुसाट निघाला, की कडी आपोआप ओढली जाते आणि इंजिन बंद.

आपल्याकडच्या पोरांना दोन चाव्या

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’मध्ये इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन उतरतात. मुंबईच्या आयआयटीचा रेसिंग संघ विजेवरची गाडी घेऊन थेट इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनपर्यंत गेलेला आहे. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या या विजेच्या गाड्यांना एक चावी पुरत नाही. एक कमी व्होल्टेजची, लाल वर्तुळात. दुसरी मोटरच्या उच्च व्होल्टेजची, केशरी वर्तुळात. दोन्ही गाडीच्या उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीवर. मूठ लाल, किमान ५० मिलिमीटर रुंद आणि काढता येणारी. पण ती निघते फक्त बंद स्थितीत. म्हणजे मूठ खिशात घालून गाडीवर काम करणाऱ्याला खात्री असते की मागून कुणी वीज सुरू करणार नाही.

उतरू नका, उडी मारा

२००८ च्या जुलैत स्पेनमधल्या हेरेझच्या चाचणीत बीएमडब्ल्यू सॉबर संघाच्या मेकॅनिकनं ऊर्जा साठवणाऱ्या नव्या यंत्रणेच्या गाडीला हात लावला आणि विजेच्या धक्क्यानं तो कोसळला. आजच्या फॉर्म्युला वन गाडीवर म्हणून एक दिवा असतो. हिरवा असेल तर हात लावा, लाल असेल तर लांब राहा. लाल दिव्यात ड्रायव्हरला उतरायचंच झालं तर दोन्ही पायांनी एकदम उडी. एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर, असं क्षणभरही चालत नाही.

मॅन्सेलचा नमस्कार

२ जून १९९१, मॉन्ट्रियल, फॉर्म्युला वनची शर्यत. शेवटची फेरी, नायजेल मॅन्सेल मोठ्या आघाडीवर. तो प्रेक्षकांना हात हलवू लागला आणि त्याची विल्यम्स बंद पडली. नेल्सन पिके पुढे निघून गेला. त्याचा तो कारकिर्दीतला शेवटचा विजय. हात हलवताना धक्का लागून बटण बंद झालं, असं आजही रंगवून सांगतात. वेग कमी करताना इंजिनाचे फेरे फार खाली गेले किंवा गिअरबॉक्सनं दगा दिला, अशी बाकीची स्पष्टीकरणं. खरं काहीही असो, वायरिंग करणाऱ्यासाठी त्यात धडा आहे : चावी सहज हाताशी हवी, पण हात सहज लागेल अशी नको.

चावी नसलेली चावी

नव्या गाड्यांत फिरणारी चावी हळूहळू जाते आहे. तिच्या जागी कार्टेकसारख्या ब्रिटिश कंपनीचा इलेक्ट्रॉनिक डबा येतो. आत ट्रान्झिस्टर, हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे हादऱ्यानं संपर्क सुटण्याची भीती नाही. जाड केबल डॅशबोर्डपर्यंत आणायची गरज नाही. डबा बॅटरीशेजारी आणि बटणांपर्यंत फक्त बारीक वायरी. इंजिन थांबवायला वेगळी वायर असतेच, कारण अल्टरनेटरचा स्वभाव डबा बदलला म्हणून बदलत नाही.

आता परीक्षा

जोडणी झाली की परीक्षा इंजिन चालू ठेवूनच घ्यायची. बंद गाडीत चावी फिरवून दिवे विझले, म्हणून खूश व्हायचं नाही. आधी मंद गतीवर, मग दिवे आणि पंखा लावून, रेस थोडी वाढवून. प्रत्येक वेळी चावी फिरताच इंजिन मेलं पाहिजे. नंतर सेल्फ मारून बघा. वळला नाही पाहिजे. एरवी पिटमध्ये परतल्यावर मात्र आधी इग्निशन बंद, मग कटऑफ. रोज उगाच अल्टरनेटरची परीक्षा बघू नका. शेवटचा पेपर सोपा आहे आणि त्यातच बरेच जण नापास होतात. ज्यानं ही गाडी कधी पाहिलेली नाही अशा कुणाला तरी बोलवा, काही न सांगता बाहेर उभं करा आणि म्हणा, ‘ही बंद कर.’ त्यानं ‘कुठून?’ असं विचारलं, तर वायरिंग कितीही सुबक असो, काम अजून बाकी आहे.